बालवाडीच्या खोलीसाठी एक रॉकेट

कोणीतरी आमच्या भागातल्या माणसांना शिकवून ठेवलंय, की नवीन काही करायचं तर आधी विचारायचं, आणि कोणी विचारलं तर 'हो' म्हणायचं नाही. तो सापडला तर मी सोडणार नाही. आमचं रॉकेट उडालं तीनदाच. किस्से मात्र इतके साठलेत, की शहापूरला चहाच्या टपरीवर बसले तरी मित्र म्हणतात, "रॉकेटचं सांग." ते हसतात. मला आता हसू येत नाही.

मी फिजिक्सची पदवीधर, राहते शहापूरला. वर्गमित्र निलेश हा वैशाखरे गावाच्या पुढच्या एका गावचा. त्याच्या गावच्या शाळेत प्रयोगाचं कपाट आहे, पण ते फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीमागची बंद पडलेली बालवाडीची खोली मागितली. मुलांनी रोज यावं, हाताने काहीतरी करावं, एवढंच. सरपंच म्हणाले, "सव्वीस जानेवारीला तुमचं रॉकेट शाळेमागच्या आंब्याच्या वर घालवा. किल्ली तुमची."

*

रॉकेट म्हणजे कोल्ड्रिंकची मोठी बाटली. पाव बाटली पाणी, बुचात सायकलचा व्हॉल्व्ह, पंपाने हवा भरायची. बूच सुटलं की पाणी खाली, बाटली वर. शेपटीचे पंख आम्ही भाऊंच्या, म्हणजे इथल्या पुढाऱ्याच्या, वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्समधून कापले आणि त्यांना बांबूच्या काड्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा एक कार्यकर्ता हजर. "भाऊंचा चेहरा कापला?"

निलेश म्हणाला, "चेहऱ्याला नाय हात लावला. नुसता नमस्कार घेतलाय."

कार्यकर्त्याने पंख उलटसुलट करून पाहिले. "मंग नमस्कार बाहेरच्या बाजूला ठेवा. वर जाताना लोकांना दिसला पायजे."

*

टोकाला निमुळती टोपी हवी होती. वाडीवरचे काळूबाबा टोपल्या विणतात. मी त्यांना कागदावर आकृती काढून दिली, मापं दिली. बाबांनी इतकी सुबक टोपी विणली की मी बघतच राहिले. फक्त तिला वर एक कडी होती.

"बाबा, कडी कशाला?"

"मंग धरशील कशी?"

"धरायची नाही, ती आभाळात जाणार."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आभाळात जायाचीय तर इतकी मापं कशाला दिलीस गो? तिथं कोण बघतंय?"

*

टोक जड हवं म्हणून टोपीत बांधावरची ओली माती भरली. उडवायचं होतं दुसऱ्या दिवशी. रात्रीत माती वाळली, टोक हलकं झालं, हे माझ्यासारख्या फिजिक्सवालीच्या डोक्यात आलं नाही. रॉकेट वर गेलंच नाही, आडवं सुटलं आणि निलेशच्या काकूच्या वाळवणात घुसलं. तांदळाच्या पापड्या अंगणभर.

काकूने बाटली पदराखाली घेतली. मी म्हटलं, "काकू, चूक झाली. पण ते रॉकेट आहे, आभाळात जायचंय त्याला."

"आभाळाचं हाय ना? मंग आभाळ येऊन नेईल. तुला कशाला देऊ?"

दोन दिवस पापड्या लाटून दिल्या, तेव्हा बाटली मिळाली.

*

मग मातीऐवजी नदीतले गोटे बसवले. पंचवीस तारखेला संध्याकाळी निलेशने पंपाचे साठ दट्टे मारले, मी बुचाची दोरी ओढली. रॉकेट आंब्याच्या दुप्पट वर गेलं. खरंच दुप्पट. बघायला आम्ही दोघं आणि एक म्हैस.

निलेश धावत सरपंचांकडे गेला. सरपंच जेवत होते. "पायलं नाय ते झालं नाय. उद्या दाखवा."

*

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, भाषणं झाली. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त मास्तर आले होते. आम्ही बाटली उभी केली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे किती उंच जाणार?"

"आंब्याच्या वर," मी अभिमानाने सांगितलं.

"म्हणजे झेंड्याच्याही वर. आजच्या दिवशी?"

मी म्हटलं, "सर, असा नियम कुठेच नाही."

"नसेल. पण मनाला पटतं का?"

सरपंच माझ्या कानाशी आले. "पाव्हण्यांचा मान राखा. जरा हळू उडवा."

"मग आंब्याचं काय?"

ते पाहुण्यांकडे बघून हसले. "उद्या उडवते," मी म्हटलं.

"उद्या कोण येतंय बघायला?"

मी निलेशला म्हटलं, "साठ मार. बघू काय करतात."

त्याने पंधरा मारले आणि पंप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू संध्याकाळच्या गाडीने शहापूरला जाशील. मला हितंच ऱ्हायचंय."

रॉकेट झेंड्याच्या जेमतेम खाली पोचलं, क्षणभर थांबलं आणि पाहुण्यांच्या खुर्चीपुढे पडलं. टाळ्या कडाडल्या. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली.

सरपंच म्हणाले, "चांगलं झालं. पण आंबा ऱ्हायला."

दुपारी मंडपाच्या खुर्च्या बालवाडीच्या खोलीत रचल्या. छतापर्यंत. मी दारात उभी राहून बघत होते. ग्रामपंचायतीच्या शिपायाने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि माझी समजूत काढत म्हणाला, "नाराज नका होऊ, ताय. पुढल्या साली आमी झेंड्याचा खांब वाढवू."