रॅकवरची चौथी डबी

शूटिंगला सामान भाड्याने देणाऱ्या शकुताईंचं गोरेगावातलं गोदाम एवढं लांब, की दारातल्या सिंहासनाजवळ मिळणारं वायफाय मागच्या तोफांपर्यंत जाता जाता गळपटायचं.

"एकच दांडगा राउटर घ्या," जो तो सांगायचा.

"एवढ्या लोखंडी रॅकांपुढे तो एकटा काय डोंबल करणार?" शकुताई फिस्कारायच्या. शेवटी त्यांनी नेटवाल्या कल्पिताकडून एकमेकींना सिग्नल पोचवणाऱ्या चार डब्या रॅकवर बसवून घेतल्या. उद्या गोदाम वाढलं की पाचवी जोडायची, विषय संपला!

आठवडाभर झकास चाललं. मग तोफांकडचं नेट गेलं. शकुताईंनी कल्पिताला फोनवरच फैलावर घेतलं. ती धावत आली, शिडीवर चढली आणि वरूनच ओरडली, "ताई, इथली डबीच गायब आहे!"

"भाड्याने गेली ना," गोदाम सांभाळणारे चंदूकाका शांतपणे म्हणाले. "सिरियलवाल्यांना लुकलुकत्या दिव्याचा बॉम्ब पाहिजे होता. रॅकवरच्या वस्तूला नाही म्हणायचं नाही, हा तुमचाच नियम."

शकुताईंनी भाड्याची वही उघडली. "बरं, परत कधी येतेय?"

चंदूकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, कालच्या एपिसोडमध्ये फुटला तो."