नगरचा स्पीड

ड्रम वाजवायला कुठे शिकलीस असं कोणी विचारलं, की मी सरळ सांगते, शाळेच्या बँडपथकात. पंधरा ऑगस्टला मैदानात गळ्यात साइड ड्रम अडकवून, वेणीला पांढरी रिबीन लावून ताठ मानेनं चालणारी ती मुलगी मीच. त्याच्याही आधी जयंतीच्या मिरवणुकीत मी ताशेवाल्याच्या इतकी जवळ चालायचे, की आई मला दंडाला धरून सारखी मागे ओढायची. म्हणजे हात आधीपासूनच तयार होते. कॉलेजात गेल्यावर त्यांना लायकीचं काम मिळालं, एवढंच.

ते काम म्हणजे एक परदेशी बँड. नाव सांगत नाही. नाव घेतलं की माहितगार माणसं वाद घालायला येतात, आणि माझे वाद घालून झालेत. त्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. गिटारी इतर मेटलसारख्याच करकरणाऱ्या, पण गाणं लांबच लांब, आणि सरळ चालेल तर शपथ. चार मात्रांत सुखानं चाललेलं गाणं मध्येच सातात शिरतं, तिथून पाचात जातं, आणि काही झालंच नाही अशा थाटात परत चारावर येऊन उभं राहतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कॅसेट बिघडली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी जेवायची विसरले.

नव्वदच्या दशकात नगरमध्ये हा बँड ऐकणारे आम्ही चारजण होतो, आणि पाचवा राहुरीला शेतकीचं शिकत होता. नगरच्या चौघांचा आमचा स्वतःचा एक बँडही होता. एक गायचा, एक बेस वाजवायचा, आणि पुढारी होता आमचा गिटारवाला. पुढारी तो का, तर ड्रमसेट त्याच्या चर्चच्या हॉलमध्ये होता आणि किल्ली त्याच्या वडिलांकडे असायची. वाजवायचा मात्र छान, ते कबूल करायला हवं.

माझं घर केडगावला. वडील एमआयडीसीत फिटर. त्यांनी ट्रकच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा फळीवर खिळ्यांनी ताणून मला सरावासाठी पाट करून दिला होता. त्यावर वाजवलं की शेजाऱ्यांपर्यंत आवाज जायचा नाही. आईपर्यंत जायचा. या पोरीला कुठल्या घरात द्यायची, असं ती पाटाकडे बघून म्हणायची, आणि मी आणखी जोरात वाजवायचे.

बँडचा पहिला अल्बम आमच्याकडे होता तो भरून घेतलेला. तेव्हा सगळे तसंच करायचे. स्टँडजवळ कॅसेटचं एक दुकान होतं. तिथे कोरी कॅसेट नेऊन द्यायची, दुकानदार काका त्यांच्याकडच्या मूळ कॅसेटवरून ती भरून द्यायचे. मूळ कॅसेटी काचेच्या कपाटात, कुलपात. आमच्या पाचही कॅसेटी तिथेच भरलेल्या. त्या एका अल्बमवर आम्ही वर्षं काढली. बँडचा दुसरा अल्बम येणार, येणार अशी बातमी रद्दीत मिळालेल्या इंग्रजी मासिकातून कळायची, आणि नंतरच्या अंकातून कळायचं, की पुढे ढकलला. गिटारवाला त्या बँडवर असा चिडायचा, जणू ते लोक त्याच्या घरी जेवायला येतो सांगून आले नव्हते.

त्या पहिल्या अल्बममध्ये एक गाणं होतं आणि त्या गाण्यात एक जागा होती. तिला आम्ही घाट म्हणायचो. गाणं सातात शिरायचं, हाताचे आणि पायाचे ठोके एकमेकांत असे गुंतायचे आणि इतके जलद, की मी प्रत्येक वेळी तिथे अडकायचे. प्रत्येक वेळी. पाटावर, सेटवर, जेवताना ताटाच्या कडेवर. बाकी सगळं गाणं मी झोपेत वाजवलं असतं, पण घाटाच्या मध्यावर माझा पाय मागे पडायचा आणि सगळ्यांचंच गाणं विसकटायचं. बेसवाला बिचारा काही बोलायचा नाही. गिटारवाला बोलायचा.

कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं आणि त्यानं जाहीर केलं, की आपण हेच गाणं वाजवायचं. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, पुण्याला त्याच्या ओळखीचा एक ड्रमर आहे, तो येईल म्हणतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन पावसाळे ट्यूबवर हात फोडून घेतले ते कशासाठी? मी त्याला विचारलं, आपण नव्या अल्बममधलं गाणं का वाजवू नये. तो अल्बम आता खरोखर निघाला होता, आणि गिटारवाल्याची मुंबईची मावशी मूळ कॅसेट पाठवणार होती. त्यानं जरा विचार केला आणि मान्य केलं. नव्यातलं तोलामोलाचं गाणं मी बसवलं तर मी, नाहीतर घाट आणि पुण्याचा मुलगा. त्यामुळे त्या अल्बमची वाट जगात सगळ्यात जास्त कोणी पाहिली असेल तर मी.

कॅसेट आली. आम्ही चौघं दुपारी गिटारवाल्याच्या घरी जमलो. त्याच्या आईनं कांदेपोहे केले होते. त्यानं हात धुऊन, पुसून, देव्हाऱ्यातली वस्तू काढावी तसं वेष्टण काढलं. टेप सुरू झाली.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं तसा आमचा गायक हळूच म्हणाला, याला सर्दी झालीय का. कारण बँडच्या गायकाचा आवाज जड झाला होता. आमचा माहितीतला आवाज कोवळा, टोकदार. हा म्हणजे लग्न होऊन दोन पोरं झालेला माणूस. आणि गाणी संथ. अवघड होती, वळणं तीच, पण कशाची म्हणून घाई नाही. बेसवाल्याच्या मते त्यांनी खूप पैसे मिळवले आणि आता ते सुस्तावलेत. गिटारवाल्यानं गिटार काढली आणि म्हणाला, बघा, सूरसुद्धा उतरवलाय. पहिल्या अल्बमबरोबर वाजवायला आम्हाला तारा नेहमीपेक्षा ताणायला लागायच्या, त्या अधूनमधून तुटायच्याही. या नव्याला काहीच ताणायला लागत नव्हतं. एवढी वर्षं वाट बघून ही म्हातारी झालेली माणसं, असं म्हणून त्यानं पोह्यांची बशी बाजूला सारली.

माझे हात मात्र मांडीवर आपोआप चालत होते. पहिल्याच ऐकण्यात मी जवळजवळ सगळं धरलं होतं. मला एवढा आनंद झाला, की अल्बम चांगला की वाईट याचं मला काही पडलंच नाही. मी म्हटलं, यातलं तिसरं गाणं घेऊ, उद्या बसवून दाखवते.

"हे तर कोणीही वाजवेल," गिटारवाला म्हणाला. "गॅदरिंगला घाटच वाजवायचा."

मी तिथून सायकल काढून निघाले ती केडगाव येईपर्यंत त्याला शिव्या देत होते. बँडला दिल्या त्या वेगळ्या. एकदाच जलद वाजवायला काय झालं होतं मेल्यांना? घरी येऊन पाट समोर घेतला आणि घाटात तीनदा अडकले.

पुढच्या रविवारी राहुरीचा मित्र एसटीनं आला. हॉस्टेलला असल्यानं पहिल्या ऐकण्याला तो नव्हता. गिटारवाल्यानं मावशीची मूळ कॅसेट स्टँडजवळच्या दुकानात त्याच्यासाठी भरायला दिली होती, आणि ती भरलेली कॅसेट यानं आठवड्याच्या मध्येच एक चक्कर मारून परस्पर उचलून नेली होती. आम्ही चर्चच्या हॉलच्या पायऱ्यांवर सुतकी चेहऱ्यानं बसलो होतो, आणि हा गेटातूनच हात वर करत आला.

"काय अल्बम हाय राव," तो म्हणाला. "पहिल्याच्या बरोबरीचा. आमी चार दिस दुसरं काय ऐकलंच न्हाई."

गिटारवाल्यानं त्याला विचारलं, की तुझे कान ठीक आहेत का. त्यावर याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, तुमा शहरातल्यांना चांगल्याला चांगलं म्हणायचं जिवावर येतं. गिटारवाला म्हणे बँड म्हातारा झाला. राहुरीचा म्हणे लई जोरात पळतोय. हा म्हणे गायकाचा आवाज बसला. तो म्हणे तसाच हाय, पोरासारखा. एकाच अल्बमवर दोघं असे भांडत होते, की चर्चचे सेक्रेटरी बघायला बाहेर आले. मला गंमत वाटत होती आणि काहीतरी खटकतही होतं. राहुरीचा मित्र गप्पा मारतो, पण कानाचा पक्का माणूस.

शेवटी मी दोघांना गप्प केलं. गिटारवाल्याचा टेपरेकॉर्डर हॉलमध्ये होता, दुसरा मी शेजारच्या बेसवाल्याच्या घरून आणायला लावला. एकात मूळ कॅसेट, एकात राहुरीची. दोन्ही एकदम सुरू केल्या. सुरुवात बरोबर झाली, आणि मग राहुरीची कॅसेट पुढे निघाली. निघाली ती निघालीच. गाणं तेच, बँड तोच, पण राहुरीच्या कॅसेटीत गायक कोवळा आणि ड्रम पळतायत. टेपरेकॉर्डरची अदलाबदल करून पाहिली, तरी तसंच.

राहुरीचा मित्र म्हणाला, तुमची कॅसेट मंद हाय. बेसवाल्याला वाटलं, मुंबईची कॅसेट खराब निघाली. पण मला दुसरंच सुचलं होतं. मुंबईची कॅसेट कंपनीतून आलेली. राहुरीची स्टँडजवळ भरलेली. आणि आमचा पहिला अल्बम? तोही स्टँडजवळच भरलेला. पाचही कॅसेटी.

आम्ही सायकली काढल्या आणि दुकानात गेलो. काकांना मी विचारलं, तर ते सहज म्हणाले, इंग्रजी गाण्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून ती कोपऱ्यातल्या जुन्या डेकवर भरतो, त्याची मोटर जरा मंद आहे खरी. इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नाही. कोण करणार होतं? ऐकणारे आम्हीच पाच, आणि दुसरं काही आम्हाला माहीतच नव्हतं. भरताना टेप हळू सरकली, की ऐकताना गाणं पळतं. ते लोक म्हातारे झाले नव्हते, सुस्तावलेही नव्हते. ते पहिल्यापासून असेच वाजवत होते.

मी काकांना म्हटलं, कपाटातली पहिल्या अल्बमची मूळ कॅसेट चांगल्या डेकवर लावा. ते नको म्हणत होते, पण पाचजण काउंटरवर रेलून उभे राहिल्यावर त्यांनी कुलूप काढलं. घाटाचं गाणं लागलं. गायक मोठ्या माणसाच्या आवाजात गाऊ लागला आणि गिटारवाल्यानं डोक्याला हात लावला. एवढ्या तारा तोडल्या त्या कशासाठी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. मी बघत नव्हते. माझी बोटं काउंटरवर होती आणि पाय फरशीवर. घाट आला. सात मात्रा, हात, पाय, हात. आला आणि गेला. मी पलीकडे होते आणि मला धापसुद्धा लागली नव्हती. काका म्हणाले, काच फुटेल पोरी, जरा जपून.

मला रडू आलं. ते लपवायचं काही कारण नव्हतं, म्हणून लपवलं नाही. तीन वर्षं मी समजत होते की मी कमी पडते. मी ज्याच्या मागे धावत होते तो माणूस तिथे नव्हताच. तो मागेच होता, आपल्या चालीनं येत होता.

हॉलमध्ये परत आल्यावर गिटारवाला खुशीत तारा सैल करू लागला आणि म्हणाला, "चला, आता मूळ स्पीडनं वाजवू. तुला सोपं जाईल."

तुला सोपं जाईल. हे ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तारा ताण. मी सेटवर बसले, काठ्या वर धरल्या आणि मोजणी दिली ती आमच्या भरलेल्या कॅसेटीची. नगरचा स्पीड. बाकीच्यांना यावंच लागलं, कारण ड्रम सुटला की कोणाला थांबता येत नाही. घाट जवळ येत होता आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती नव्हती. हे असं जलद त्या परदेशातल्या ड्रमरनंही कधी वाजवलेलं नाही, एवढंच मनात होतं. आणि मी ते वाजवलं. पाय मागे पडला नाही. सगळाच्या सगळा घाट, मोजून मापून, शेवटच्या ठोक्यापर्यंत.

पलीकडे पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गिटार बंद आहे. गिटारवाला घाटाचा मध्य ओलांडताच थांबला होता आणि डावा हात झटकत उभा होता. एवढ्या जलद ते सूर त्याच्याच्यानं येत नव्हते. आजवर कधीच आले नव्हते. त्याआधीच मी अडकायचे, म्हणून त्याची पाळी कधी आली नव्हती. ड्रमची चूक रस्त्यावर ऐकू जाते, गिटारची आत जिरते.

 राहुरीचा मित्र पोट धरून हसायला लागला, आणि गिटारवालाही हसला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवरून त्यानं पुण्याला फोन करून त्या मुलाला येऊ नकोस म्हणून सांगितलं. नवा अल्बम आम्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकला, आणि तो फार चांगला निघाला.

गॅदरिंगला आम्ही ते घाटाचं गाणं वाजवलं. मूळ स्पीडनंच वाजवलं. तसं मीच ठरवलं, गिटारवाल्याच्या बोटांना झेपावं म्हणून.