बेहेऱ्यांचं बरोबर आहे

चव्वेचाळीस वर्षांच्या अमेरिकेतल्या मुक्कामात नरेंद्र बेहेरे यांच्याशी कुणी सहमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि हीच आपली खरी कमाई असं बेहेरे मानत. त्यांच्याबरोबर आलेल्यांनी घरं केली, शेअर केले, मुलांना डॉक्टर केलं. बेहेऱ्यांनी मतं केली. श्रूजबरीतल्या त्यांच्या घरात ती कायम वापरात असत: बर्फ पडत असतानाच उपसायचा, थांबल्यावर नव्हे. लसणीच्या चटणीत दाणे घालणाऱ्यावर खटला भरावा. आणि जो सिनेमा सुटल्यावर लोक गप्प बाहेर पडतात तो गंभीर असतोच असं नाही, बहुतेक वेळा तो नुसता लांब असतो.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. वूस्टरच्या एका कारखान्यात लोखंड घासायची दगडी चाकं बनत. तिथे एकतीस वर्षं बेहेरे चाकांमधले दोष शोधत बसले. पद्धत जुनी आणि सोपी. चाक टांगायचं आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोकायचं. चांगलं चाक खणखणतं. आत तडा असेल, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो, तर आवाज बद्द येतो. बद्द चाकावर लाल खडूने फुली मारून ते बाजूला ठेवतात, कारण तसं चाक मशीनवर चढवलं तर फुटतं आणि समोरच्याला घेऊन जातं. निवृत्तीनंतर बेहेरे माणसं ठोकून पाहू लागले. समोरचा खणकन उलटा बोलला, की त्यांच्या लेखी माणूस पास.

अशा पास झालेल्या माणसांचा एक कट्टा होता. ऑस्करची नामांकनं जाहीर झाली, की बक्षीस समारंभाच्या आधीच्या एका रविवारी दुपारी सगळ्यांनी जमायचं आणि पाहिलेल्या सिनेमांवर बोलायचं. नियम बेहेऱ्यांनीच केलेले: आधी मत, मग खंडन, मग जेवण. मताला तीन मिनिटं, खंडनाला तीन. वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं कोंबडीच्या आकाराचं टायमर. ज्या मताचं खंडन होत नाही ते मतच नव्हे, आणि तोवर कुणाला पान मिळणार नाही. एके काळी तेरा घरं येत. मग काही फ्लोरिडाला गेली, काही मुलांकडे, काही त्याहून लांब. आता तीन उरली होती: बेहेरे, त्यांचे चाळीस वर्षांपासूनचे मित्र डॉ. शंतनू टिपणीस, आणि कॉम्प्युटरवाला विक्रम. विक्रम पन्नाशीच्या आत असल्यामुळे कट्ट्यावर तरुण समजला जाई आणि एकटाच येई. त्याच्या बायकोला रविवारी मुलांना पोहायला न्यायचं असे.

कट्ट्याचा प्राण म्हणजे बेहेरे आणि टिपणीस. एका वर्षी एका सिनेमाच्या शेवटावरून दोघांची इतकी जुंपली, की पुढे गणपतीपर्यंत अबोला होता. टिपणीस हृदयाचे डॉक्टर. मधल्या काळात बेहेऱ्यांच्या छातीत दुखलं तेव्हा त्यांनीच तपासलं. 'ब्रीद इन, ब्रीद आउट' एवढंच बोलले, तेही इंग्रजीत.

या वर्षी नामांकनं जाहीर झाली त्याच आठवड्यात बेहेऱ्यांच्या स्वादुपिंडाचा निकाल लागला. डॉक्टरीण तरुण होती, सरळ बोलणारी. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की उन्हाळ्याचे बेत करू नयेत. बेहेऱ्यांनी सवयीने खंडन करून पाहिलं. तिने शांतपणे स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

परतताना गाडी त्यांच्या पत्नी अहिल्याबाई चालवत होत्या. बेहेरे म्हणाले, "कट्टा होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

"कसला कट्टा, अहो? आत्ता सिनेमे सुचतायत तुम्हाला?"

"मग केव्हा सुचू देत? हे बघ, एकदा कळलं की लोक माझ्याशी धड भांडणार नाहीत. हा एक कट्टा मला अख्खा पाहिजे. मग तू पेपरात दे."

अहिल्याबाईंनी मान हलवली. ही मान होकाराची की रस्त्यावरच्या खड्ड्याची, हे बेहेऱ्यांनी तपासलं नाही. मुलाला, म्हणजे दूर शुगर लँड गावी राहणाऱ्या अनिशला, मात्र कळवावं लागलं. बापाशी दर रविवारी फुटबॉलवरून तावातावाने भांडणारा हा मुलगा तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन करून मऊ आवाजात 'हाउ आर यू फीलिंग, बाबा?' विचारू लागला. लोकांना कळल्यावर काय वाढून ठेवलंय, याचा नमुना बेहेऱ्यांना घरपोच मिळत होता.

त्यांनी नामांकन मिळालेले दहाच्या दहा सिनेमे पाहिले. आठवड्याच्या मधल्या दुपारी, रिकाम्या थिएटरात, जाहिराती संपता संपता दुखण्याची गोळी घेऊन. शेजारी अहिल्याबाई झोपत. रात्री त्यांना झोप नसे, हे बेहेऱ्यांना माहीत होतं आणि त्यावर त्यांचं काही मत नव्हतं. दहावा सिनेमा लांडग्याचा. तीन तास दहा मिनिटं. अलास्कात एक टपालवाला एका लांडग्यामागून चालतो. मग लांडगा टपालवाल्यामागून चालतो. शेवटी लांडगा बोलतो.

"रद्दी," बेहेरे बाहेर येऊन म्हणाले, आणि कित्येक दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. टिपणिसांना हा सिनेमा आवडणार हे ठरलेलंच होतं. ज्यात बर्फ असेल तो प्रत्येक सिनेमा त्यांना आवडे. स्वतःच्या दारातला बर्फ ते पैसे देऊन काढून घेत. बेहेऱ्यांनी चार दिवस खंडन घासून घासून तयार केलं. लांडग्याच्या बोलण्यावरच दीड मिनिट होतं.

कट्टा टिपणिसांकडे होता. दाराशी सगळ्यात जवळची गाडीची जागा मोकळी ठेवलेली होती आणि पायऱ्यांवर बर्फ वितळायला मीठ इतकं टाकलं होतं, की लोणचं घालावं. आत बेहेऱ्यांच्या नेहमीच्या खुर्चीत उशी होती.

"हे काय, बाळंतीण येणार आहे का?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"असू द्या हो भावजी, थंडी आहे," लताबाई म्हणाल्या. टिपणिसांच्या या पत्नीने गेल्या वर्षी 'तुमच्या बोलण्यानेच घर तापतं' म्हणून हीटर कमी केला होता. आज तो भरपूर चालू होता.

कोंबडी पिळून टेबलावर ठेवली. टिपणिसांनी मत मांडलं: लांडग्याचा सिनेमा यंदाचा सर्वोत्तम, माणसाच्या एकटेपणावर असं भाष्य झालं नव्हतं. बोलताना ते कोंबडीकडे पाहत होते. मग बेहेऱ्यांनी खंडन केलं. उशीला न टेकता केलं. दीड मिनिट झालं, आता लांडगा बोलायला लागणार, तेवढ्यात टिपणीस म्हणाले,

"तुझं बरोबर आहे, नरेंद्र."

"काय बरोबर आहे? माझं संपलं नाही अजून."

"नाही, म्हणजे मुद्दा पटला. लांबलाय जरा."

कोंबडी टिकटिकत राहिली. बेहेऱ्यांनी विक्रमकडे पाहिलं. "तू बोल रे. गेल्या वर्षी मला फॅसिस्ट म्हणाला होतास."

"काका, ते यार... मी डिक्शनरीत बघून सॉरी म्हटलं होतं ना," विक्रम म्हणाला. "यावेळी तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे."

बेहेऱ्यांच्या कानात काहीतरी बद्द वाजलं. एकतीस वर्षांचा कान होता. त्यांनी ठरवलं, नीट ठोकून पाहायचं.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मी उगाच बोललो. सिनेमा अप्रतिम आहे. त्या लांडग्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस द्यायला हवं. असा अभिनय मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

लांडगा कॉम्प्युटरवर केलेला होता. विक्रमचा तो धंदाच. विक्रम म्हणाला, "हो काका. ॲक्टिंगवाइज लांडगा सॉलिड आहे."

टिपणिसांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. "डोळ्यांतलं कारुण्य," ते म्हणाले.

"संवादफेक," बेहेरे म्हणाले.

"संवादफेक तर काय!"

लताबाई 'मम' म्हटल्यासारखं काहीतरी पुटपुटल्या. अहिल्याबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

एवढ्यात माडीवरून रुही उतरली. टिपणिसांची मुलगी, जर्सी सिटीत राहणारी, दोन दिवसांसाठी आलेली आणि आत्तापर्यंत झोपलेली. हातात कॉफीचा मग. बेहेऱ्यांनी केलेली लांडग्याची स्तुती तिने जिन्यावर ऐकली होती.

"नरेंद्रकाका, आर यू सिरीयस? तो वुल्फवाला मूव्ही? इट वॉज गार्बेज!"

बेहेरे उशी बाजूला टाकून वळले. "बस. बस इथे. का गार्बेज? कारण सांग."

"थ्री अवर्स! अँड देन द वुल्फ टॉक्स! काका, ही टॉक्स लाइक अ थेरपिस्ट!"

हे वाक्य बेहेऱ्यांना स्वतःला सुचलं नव्हतं, याचं त्यांना क्षणभर वाईट वाटलं. त्यांची स्वतःचीच मतं ती मुलगी त्यांच्यापेक्षा बऱ्या शब्दांत मांडत होती, आणि त्यांना मात्र लांडग्याची बाजू लावून धरायची होती. त्यांनी ती धरली. लांडगा हा निसर्गाचा आवाज आहे म्हणाले. रुही म्हणाली, निसर्गाला एडिटरची गरज होती. ते म्हणाले, तुमच्या पिढीला दहा सेकंदांवर काही झेपत नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः झोपला असाल, ॲडमिट इट!" बेहेरे इतके हसले, की त्यांना पोटाशी हात धरावा लागला. कोंबडी मध्ये एकदा वाजली, कुणी लक्ष दिलं नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदा ते आजारी नव्हते, फक्त चुकीचे होते.

तो पोटाशी गेलेला हात लताबाईंनी पाहिला.

"रुही, जरा आत ये. पापड तळायचेत."

"मॉम, वन मिनिट..."

"आत ये म्हटलं ना."

स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं. पापड तळायला फार वेळ लागत नाही. तेल तापल्याचा वास आला, मग तेल जळल्याचा. रुही बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पापड नव्हते आणि डोळे लाल होते. बेहेऱ्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून ती म्हणाली,

"काका, आय थॉट अबाउट इट. यू आर राइट. इट्स... अ ब्युटिफुल फिल्म."

"निसर्गाला एडिटर हवा होता म्हणालीस ना?"

"नो, नो. तुमचं बरोबर आहे." आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बेहेऱ्यांनी तो हात पाहिला, उशी पाहिली, आणि एकतीस वर्षांत कधी न झालेली चूक त्यांच्या ध्यानात आली. ते या माणसांना ठोकून पाहत होते आणि आवाज बद्द येतोय म्हणत होते. ही माणसं ठणठणीत होती. चाक ते स्वतः होते. लाल फुली पडून गेली होती, आणि फुली पडलेल्या चाकाशी कुणी वाद घालत नाही. त्याच्या शेजारून सगळे जपून चालतात.

"चला, पानं घेतलीत," लताबाई म्हणाल्या. खंडन झाल्याशिवाय जेवण नाही, या नियमाची कुणी आठवण काढली नाही. बेहेऱ्यांच्या ताटात मऊ भात होता.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "केव्हा सांगितलंस?"

"मागच्या मंगळवारी. लताला." अहिल्याबाई समोर पाहत होत्या. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तरी त्या नवऱ्याला 'अहो' म्हणत. नाव फक्त रागावल्यावर घेत. आत्ता त्या रागावलेल्या नव्हत्या. "मला एकटीला नाही झेपत, नरेंद्र."

बेहेऱ्यांनी तीन मिनिटांहून जास्त वेळ विचार केला. मग थोड्या वेळाने, जरा आशेने, त्यांनी विचारलं, "तुला कसा वाटला होता, लांडग्याचा?"

"मी झोपले होते की."

"तरी. अंदाजे."

"तुम्ही म्हणाल तसा," अहिल्याबाई म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी समारंभ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेहेरे उठले तेव्हा फोनवर कट्ट्याच्या ग्रुपमध्ये टिपणिसांचा निरोप होता. लांडग्याच्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीस मिळालं होतं. 'तू म्हणाला होतास! संपूर्ण कट्ट्यात तुझी एकट्याची नजर,' असं लिहून पुढे हात जोडलेले. खाली विक्रमने 'रिस्पेक्ट, काका' म्हटलं होतं. रुहीने लांडग्याचं चित्र आणि लाल बदाम पाठवला होता.

बेहेरे पलंगावर बसून ते वाचत राहिले. पुढे केव्हातरी कुणी त्यांच्याबद्दल चार शब्द बोलेल तेव्हा या लांडग्याचा उल्लेख येणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. टिपणीस बोलतील. डोळे पुसत बोलतील. त्या खोलीत उठून हरकत घ्यायला बेहेरे नसतील, आणि दुसरं कुणी घेणार नाही.

त्यांनी टिपणिसांना फोन लावला. अलीकडे बोलताना दम लागे, म्हणून आधी थोडे थांबले.

"शंतनू, नीट ऐक. मी खोटं बोललो होतो. तुम्ही काय म्हणताय ते बघायला. तो सिनेमा रद्दी आहे. पहिल्या फ्रेमपासून रद्दी. लांडग्यासकट. हे माझं खरं मत. आता बोल."

पलीकडे टिपणीस घसा साफ करतायत, तो आवाज बेहेऱ्यांच्या ओळखीचा होता. कडाडून काही बोलायच्या आधी ते नेहमी असाच घसा साफ करत. बेहेरे ताठ बसले.

"खरंय रे," टिपणीस म्हणाले. आवाज फाटला होता. "रद्दीच आहे. तुझं बरोबर आहे."

बेहेऱ्यांनी फोन ठेवला. अहिल्याबाई चहा घेऊन आल्या होत्या. "काय म्हणाले शंतनूभावजी?"

"पटलं म्हणाला," बेहेरे म्हणाले, आणि चहा घेतला. चहात साखर जास्त होती. तेही त्यांनी सांगितलं नाही.