शमीमभाभींचे कान

टेप लावला की शेजारच्या शमीमभाभी त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. हातात मेथीची जुडी नाहीतर लसूण, तोंड भिंतीकडे. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. आम्ही खपून खपून केलेलं गाणं, मोठ्या तोऱ्यात ऐकवायला आणलेलं, आणि ह्या बाईंना भिंत बघायची होती. गाणं संपलं. भाभींनी लसणाची एक पाकळी सोलली, दुसरी सोलली आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, “कुकर लई सुरात हाय. बाकीचं परत करा.”

कुकर आमच्या घरचा. आम्ही रेकॉर्डिंग करत असताना आईने डाळ लावली होती आणि शिटी बरोबर गाण्याच्या मधोमध येऊन बसली होती. मला आणि मिलिंदला ती ऐकूच आली नव्हती. मिलिंद खो खो हसला. मला मात्र अपमान झोंबला आणि काही दिवस मी त्यांच्या दारावरून मान ताठ करून गेले. मग गेलेच परत, कारण व्हिडिओ गेम त्यांच्याकडे होता.

गाणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आता ह्याला रिमिक्स म्हणतात आणि घरोघरी पोरं कॉम्प्युटरवर करतात. नव्वद साली सावेडीत आम्ही जे करत होतो त्याला नाव नव्हतं. भाभींचे यजमान इकबालभाई कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर होते. मागच्या सुट्टीत त्यांनी एक कीबोर्ड आणि टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, भाभींच्या नेवाशाच्या भाच्यांसाठी. भाचे यायचे दिवाळीत आणि मे महिन्यात. एरवी सगळं आमचंच. मिलिंद मागच्या गल्लीतला, माझ्याच वर्गातला, विहारातल्या भीमगीतांच्या पार्टीत हार्मोनियम वाजवणारा. त्याला खेळात जिंकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. शर्यतीतली गाडी मुद्दाम कडेला उभी करायचा आणि मागे वाजणारी ती टीं टीं टूं टूं धून ऐकत बसायचा. ती आम्ही टीव्हीसमोर टेप धरून उतरवून घेतली. मग घरी एका टेपवर ती लावून, वरून कीबोर्ड आणि पत्र्याच्या डब्यावर ठेका वाजवत दुसऱ्या टेपवर भरली. झालं गाणं.

भाभींना ऐकवायचं तर त्यांचे नियम होते. ‘छान’ हा शब्द त्यांना खपायचा नाही. “छान म्हनलं म्हन्जे ऐकलंच न्हाई,” असं म्हणायच्या. माझ्या गाण्यावर मिलिंदला बोलायला लावायच्या आणि त्याच्या गाण्यावर मला. ह्यातलं काय ठेवायचं ते आधी सांगायचं, आणि नेमकं सांगायचं. “कुठंशी?” असं विचारून त्या कॅसेट मागे घ्यायला लावायच्या. जागा दाखवता आली नाही तर तुमचं मत बाद. मग खोट काढायची, तीही एकच. दुसरी काढायला तोंड उघडलं की त्यांचा हात वर. “एका टायमाला एकच. मानूस हाय त्यो, सर्व्हिसिंगला आनलेली गाडी न्हाई.”

एका पोराने तळघरात शिरायचं, असा एक खेळ होता, त्याची धून दबक्या पावलांची. मी तिला ढोलकीचा असा काही ठेका लावला की विचारू नका. मला वाटलं, भाभी उडतीलच. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “ह्या पोराला तळघरात भ्या वाटतंय, का त्यो लग्नाला चाललाय?” मी म्हटलं, भीती वाटतेय. “मंग ढोलकी कोन वाजवतंय?” बस, एवढंच. मी धुसफुसत घरी गेले, ढोलकी काढून टाकली आणि डब्यावर नुसता बोटाचा ठोका ठेवला, थांबून थांबून. ते ऐकताना भाभींचे हात परातीतच थांबले. “आता मला भ्या वाटलं,” म्हणाल्या. बारावीच्या निकालानेसुद्धा मला पुढे तेवढा आनंद झाला नाही.

हे कान त्यांना कुठल्या गाण्याच्या क्लासात मिळाले नव्हते. ते कुवेतच्या कॅसेटींनी घडवले होते. तिकडून फोन क्वचित यायचा. इकबालभाई टेपसमोर बसून बोलायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट पाठवायचे. भाभी शब्द ऐकायच्या आणि मग शब्दांच्या मागचं ऐकायच्या. खोलीत कोण खोकतंय, भांडं कुठे आपटलं, नवरा बसून बोलतोय की पडून. “बोलन्याचं काय, लांबून सगळेच चांगलं बोलत्यात,” त्या म्हणायच्या. “मागचं ऐकलं म्हन्जे कळतं, जेवलाय का न्हाई ते.” खोलीतल्या पंख्याची तर त्यांना ओळखच झाली होती. साऱ्या शहराचे एसी दुरुस्त करणारा माणूस, आणि ह्याच्या खोलीत घासणारा पंखा, असं म्हणून हसायच्या.

आणि त्या कॅसेटी जपून ठेवायच्या नसायच्या. त्याच कॅसेटवर, इकबालभाईंच्या बोलण्यावरच, भाभी आपलं उत्तर भरायच्या आणि परत धाडायच्या. तीच कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करायची. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कसंतरीच झालं. भाभींना त्यात काही वाटत नव्हतं. उलट आमचं एखादं बिघडलेलं वाजवणं पुसायला आम्ही कचरलो की त्या म्हणायच्या, “पुसा की. पुसल्याबिगर नवं भरायचं कुठं?”

ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. फोन बंद, टपाल बंद. भाभी सकाळपासून एसटीडी बूथवर जाऊन बसायच्या. बूथवाला नंबर फिरवायचा, मान हलवायचा, पुन्हा फिरवायचा. घरात त्यांच्याकडे एकच कॅसेट होती, जुलैत आलेली. तिची पहिली बाजू त्यांनी उत्तराने भरूनही टाकली होती. म्हणजे त्या बाजूचे इकबालभाई गेले होते आणि तिथे आता भाभीच बोलत होत्या, भावाच्या शेताबद्दल, कॉलनीतल्या पाण्याबद्दल, आमच्या गाण्यांबद्दलसुद्धा. दुसऱ्या बाजूला तेवढे ते उरले होते. हे त्यांनीच मला सांगितलं. “माझ्या हातानं पुसलं गं मी. आनि कशापायी? नळाला पानी येत न्हाई, हे सांगायला.”

आम्हाला वाटलं, आता गाणी बंद. पण भाभीच बोलावणं पाठवायच्या. काय केलंय ते आणा, वाजवा. आता त्या भिंतीकडे तोंड करायच्या नाहीत, टेपवर डोळे रोखून बसायच्या, आणि त्यांचा तो एका खोटीचा नियम कुठल्या कुठे गेला. हे चुकलं, ते चुकलं, इथे घाई केली, इथे रडगाणं लावलं. मिलिंद बिचारा ऐकून घ्यायचा. मला राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटायची, कारण समोरच्या बाईचे डोळे झोप नसल्याने आत गेले होते.

एकदा मिलिंदने खेळ हरल्यावर वाजणारी धून घेतली. ती त्याने इतकी संथ केली, आणि खाली एकच सूर असा धरून ठेवला, की घरी ऐकताना मी खोट काढायचं विसरले होते. त्याने ते भाभींसाठी केलं होतं, बोलला नाही तरी मला कळत होतं. भाभींनी अर्ध्यातच थांबवलं. “ह्यात जीव न्हाई. काईच न्हाई ह्यात. पुसून टाक.” मिलिंदने निमूटपणे हात पुढे केला. तेवढ्यात भाभींनी दोन्ही हातांनी टेप झाकला. “नगं. नगं, राहू दे. जसं हाय तसं राहू दे रे बाबा.” आणि त्या तशाच टेपवर वाकून बसल्या. आम्हाला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता राहात्याचा एक माणूस कुवेतहून परत आला. इकबालभाईंच्याच कंपनीतला. भाभींच्या भावाने त्याला गाठून घरी आणलं. तो खुर्चीच्या कडेला बसला, चहाला हात लावला नाही. “वैनी, जॉर्डनला वाळूत सुटून आलेल्यांचे तंबू हुते, मानसंच मानसं. मी इकबालचं नाव घेत हिंडलो. न्हाई भेटला.” मग खाली बघून तो म्हणाला, “आपल्या लोकांची जुनी बिल्डिंग हुती ना, ती पडली. तोफेचा गोळा आला. पर वैनी, जुलैत काही जनांना दुसरीकडं हलवलं हुतं, एसीच्या खोल्यांत. इकबाल त्यांच्यात हुता का न्हाई, ते मला ठावं न्हाई.”

तो गेला आणि भाभींनी आम्हाला बोलावलं. कॅसेट टेपमध्ये घातलेलीच होती. इकबालभाई खोली बदलल्याचं बोलले नव्हते, पण ते कामाचं कधी काही बोलायचेच नाहीत. जुलैच्या कॅसेटमागे एसी घरघरत असेल, तर ते नव्या खोलीत होते. पंखा असेल, तर जुन्या बिल्डिंगमध्ये. “माझे कान आता माझंच ऐकत्यात,” भाभी म्हणाल्या. “तुमी ऐका. तुमी सांगा.”

आम्ही ऐकलं. इकबालभाई उन्हाबद्दल बोलत होते, कुणाच्या तरी मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोलत होते. त्यांच्या मागे घर्र्र, घर्र्र.

“एसी आहे, भाभी,” मिलिंद म्हणाला. कॅसेट थांबायच्या आत म्हणाला.

मलाही तेच म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. पण भाभी माझ्याकडे बघत होत्या, आणि ऐकायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, “पंखा आहे.” त्या म्हणाल्या, “कुठंशी?” मी कॅसेट मागे घेतली. “हे ऐका. प्रत्येक फेरीला एकदा घासतोय. ह्याला ठेका आहे. एसीला ठेका नसतो.” मिलिंदने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या घरातलंच कुणी मारलंय.

“व्हय,” भाभी म्हणाल्या. “पंखाच हाय.” मग मिलिंदला म्हणाल्या, “तू माझं मन राखलंस, लेकरा. पर मन राखायला मी बोलावलं न्हवतं.” आणि ओढणी तोंडात धरून रडायला लागल्या. मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, तुला बोलायची काय गरज होती? मी खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं, एवढंच मला ठाऊक आहे.

पुढे भाभींनी आमची गाणी ऐकणं सोडलं. नुसती ती एक बाजू. नेवाशाहून भाऊ दोनदा न्यायला आला, त्या गेल्या नाहीत. स्वयंपाक टळायचा, नमाज चुकायची नाही, आणि बाकी सगळा वेळ टेप. कॅसेट झिजेल म्हणून मिलिंदने दुसरीवर उतरवून देतो म्हटलं, तर त्यांनी ती हातातही घेऊ दिली नाही. आम्ही कॉलेजातून येऊन त्यांच्याजवळ नुसते बसायचो. काय बोलायचं असतं अशा वेळी, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

ऑक्टोबरातली अशीच एक दुपार. भाभी टेपच्या जाळीला कान लावून बसल्या होत्या, दाराकडे पाठ. मी दारासमोर होते. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मला वाटलं, पत्ता विचारायला आलाय. तो हळूच म्हणाला, “शमीम.”

भाभींनी टेप थांबवला. कॅसेट जराशी मागे घेतली आणि पुन्हा लावली. ऊन, ॲडमिशन, पंखा. त्या बाजूला त्यांचं नाव कुठेच नव्हतं, हे ऐकून ऐकून आम्हालासुद्धा पाठ झालं होतं. “आत्ता हुतं हितं,” त्या पुटपुटल्या आणि पुन्हा मागे घेतली. तो माणूस फाटक ढकलून दारापर्यंत आला होता. मिलिंदने माझं मनगट गच्च धरलं. मीच म्हटलं, “भाभी, ते कॅसेटवर नाही.”

“ठावं हाय मला,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “न्हाईच हाय ते. मन खेळतंय माझं. तू खरं सांगितलंस, आता गप ऱ्हा.” आणि त्यांनी परत बटण दाबलं.

इकबालभाई चपलांसकट आत आले आणि त्यांनी वाकून टेप बंद केला.