पळीचा दांडा भिंतीकडे

पुलाचा चढ संपता संपता ताई थांबल्या. हातातली पिशवी कठड्यावर टेकवली, आतून आहाराचा छापील तक्ता काढला आणि वाकून खाली बघितलं.

"खालून माणसं जातायत," त्या म्हणाल्या, "नाहीतर सोडलाच असता."

"घडी घालून ठेवा आत," मी म्हटलं. "भाऊजींचे रिपोर्टही त्याच पिशवीत आहेत."

"तुला रिपोर्टांची पडलीय. इथे माझी शेगडी चाललीय, त्याचं काय?"

हॉस्पिटलपासून आमची वसाहत बसने सहा थांबे. ताईंनी बस नको म्हटली. राग आला की त्या चालतात, आणि त्या दिवशीचा राग सहा थांब्यांना पुरून उरेल एवढा होता. तीन थांबे मागे पडले होते. माझे गुडघे बोलायला लागले होते, पण त्यांना सोडून बसमध्ये चढायचं मन होईना. देवाचं नाव घेत मी मागून चालत होते.

ताई माझ्या सख्ख्या बहीण नव्हेत. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही दोघींनी सव्वीस वर्षं काढली. त्या तिथल्या मुख्य स्वयंपाकीण. माझ्याकडे कोठी होती, म्हणजे धान्य, तेल, मीठ मोजून द्यायचं काम. त्यामुळे त्या मला अजूनही 'कोठी' म्हणतात. माझं खरं नाव त्यांना आठवतं की नाही, देव जाणे. मुली त्यांना 'ठसकामावशी' म्हणायच्या. त्यांची फोडणी पडली की दुसऱ्या मजल्यावर अभ्यास करणारी मुलगी खोकायची आणि पुस्तक मिटून खाली यायची. घंटा वाजवावी लागत नसे.

खाण्याच्या बाबतीत ताईंची मतं ठाम होती, आणि ती त्यांनी कुठल्या मासिकात वाचलेली नव्हती. उष्टं ताट खोटं बोलत नाही, हे त्यांचं पहिलं मत. जेवणं झाली की त्या भांडी घासायच्या जागेपाशी उभ्या राहून परत येणारी ताटं बघायच्या. कुणी काय टाकलं, किती टाकलं. एकदा एका मुलीचं ताट सलग चार दिवस अर्धं परत आलं, तेव्हा त्यांनी तिला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "घरून काय बातमी आहे?" मुलगी रडायलाच लागली. डॉक्टरीणबाई तिला रक्त वाढायच्या गोळ्या देत होत्या.

दुसरं मत असं, की तेल वाईट, तूप वाईट, भात वाईट, बटाटा वाईट म्हणणाऱ्यांना आधी विचारावं, तुमच्या घरी रांधतं कोण. "ज्याच्या हाताला चटका माहीत नाही, त्याने चमचे मोजू नयेत," असं त्या म्हणायच्या. मला हे सगळंच काही पटायचं नाही. भाऊजींना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, रक्तदाब आहे, माझ्या घरात साखरेचा आजार आहे, पथ्य पाळावंच लागतं. पण ताईंशी वाद घालायचा म्हणजे आधी घरी जेवून जावं लागतं.

तर झालं होतं ते असं.

वसतिगृहात भल्या मोठ्या पातेल्याभोवती तिघीजणी वावरायच्या. मीठ कुणी घातलं, कुणी नाही, हा घोळ नको म्हणून ताईंनी एक पद्धत पाडली होती. जिने मीठ घातलं, तिने झाकणावर पळी आडवी ठेवायची आणि तिचा दांडा भिंतीकडे करायचा. दांडा भिंतीकडे दिसला की दुसरीने मिठाला हात लावायचा नाही. विचारायची गरजच नाही. पुढे ताईंनी हीच पद्धत घरी आणली, आणि सूनबाई आल्यावर तिलाही शिकवली. सूनबाई बँकेत नोकरीला. रविवारी तेवढी स्वयंपाकघरात असते. सात वर्षांत दोघींचं मिठावरून कधी चुकलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी मुलाने हौसेने स्वयंपाकघर नवं करून घेतलं. नवा ओटा, नवी शेगडी, वर धूर ओढणारी चिमणी. बुधवारी गवंड्याचं काम संपलं. रविवारी सासू-सून दोघी पहिल्यांदाच त्या नव्या ओट्यापाशी होत्या. डाळ शिजली. भाऊजी जेवायला बसले, आणि दोनदा मागून घेऊन जेवले. पथ्याच्या अळणी जेवणाने बिचारे कावले होते. "आज जेवल्यासारखं वाटलं," असं म्हणालेसुद्धा. मग मुलाने पहिला घास घेतला आणि पाण्याच्या तांब्याकडे धावला. डाळ खारट ढोण झाली होती. संध्याकाळी भाऊजींचं डोकं गरगरायला लागलं. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. देवाची कृपा, त्यावर निभावलं.

सूनबाईने लपवलं नाही. "मी मीठ घातलं," ती म्हणाली, "पण दांडा भिंतीकडे नव्हता, म्हणून घातलं."

"मी घातलं होतं आणि दांडा वळवला होता," ताई म्हणाल्या.

"आई, नव्हता हो वळवलेला. मी बघितलं ना."

एवढ्यावरच निकाल लागला. आई विसरायला लागली. मुलाने कुणाला न विचारता पथ्याच्या डब्यांची चौकशी केली, एक तारखेपासून डबा ठरवला, आणि ताईंना माझ्यासोबत हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. ताईंना दोन गोष्टी झोंबल्या होत्या. शेगडी गेली ही एक. आणि सत्तराव्या वर्षी आपल्याच घरात आपला शब्द खोटा पडला, ही दुसरी, जास्त मोठी.

आहारतज्ज्ञ बाई वयाने नातीसारखी होती. तक्ता पुढे ठेवून ती वाचायला लागली, "सकाळी एक वाटी, दुपारी दोन वाट्या..."

"तुमची वाटी केवढी?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे तीन मापांच्या वाट्या होत्या. मोठ्या वाटीत छोट्या दोन बसायच्या. तुम्ही कुठल्या वाटीबद्दल बोलताय?"

मला वाटलं, आता ही पोर चिडणार. पण तिने खण उघडून स्वतःचं माप काढलं आणि टेबलावर ठेवलं. ताईंनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं, पहिल्यांदाच मान हलवली.

"आणि मीठ?"

"माणशी दिवसाला पाऊण चमचा. काकांना त्याहून कमी."

"चपटा की शिगेचा?"

"चपटा."

"हे छापा ना मग कागदावर," ताई म्हणाल्या. "चपटा म्हणून. नाहीतर लोक शिगा लावतील आणि नाव तुमचं खराब होईल." त्या पोरीने खरोखर पेनाने लिहून घेतलं. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "पोरगी शहाणी आहे. तिचं भांडण नाही माझ्याशी. आमच्या साहेबांचं आहे." साहेब म्हणजे त्यांचा मुलगा.

आणि त्या चालायला लागल्या, त्या थेट पुलापर्यंत.

पुलावरून उतरताना मी म्हटलं, "ताई, राग मानू नका. पण होतं असं वयात. मी परवा चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधत होते."

"तू शोध. मी दांडा वळवला होता."

"कसा वळवला, ते तरी आठवतंय?"

त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. डाव्या हाताने हवेत झाकण ठेवलं, उजव्या हाताने पळी ठेवली आणि दांडा डावीकडे फिरवला. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला वळून बघत गेला. "असा. सव्वीस वर्षं असाच. हाताला डोळे आहेत माझ्या."

मीही बघत होते. वसतिगृहात शेगडी कोपऱ्यात होती, भिंत डाव्या हाताला. त्यांच्या घरच्या जुन्या ओट्यावरही तसंच.

"ताई," मी म्हटलं, "नव्या ओट्यावर डावीकडे काय आहे?"

त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

"फ्रिज," त्या म्हणाल्या. "चिमणीसाठी शेगडी मधे घेतलीय. भिंत शेगडीच्या मागे गेली."

दांडा वळवला होता हे खरं होतं, आणि तो भिंतीकडे नव्हता हेही खरं होतं. त्यांच्या हाताने जुनी भिंत धरली होती, सूनबाईने समोरची नवी भिंत बघितली होती. मला हायसं वाटलं. ताईंना नाही वाटलं. त्यांची चाल मात्र अशी वाढली, की उरलेले अडीच थांबे मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत गेले.

घरी मुलगा भाऊजींच्या उशाशी बसला होता. सूनबाई नुकतीच कामावरून आली होती. ताईंनी चप्पल काढली न काढली, आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. भाऊजीसुद्धा काठी टेकत आले, त्यांना अशा गोष्टी चुकवायच्या नसतात. ताईंनी पातेलं ठेवलं, झाकण ठेवलं, पळी ठेवून दांडा वळवला आणि सूनबाईला म्हणाल्या, "सांग, मीठ घातलंय की नाही?"

सूनबाई शेगडीमागच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "नाही." मग तिने फ्रिजकडे बघितलं, सासूच्या हाताकडे बघितलं. "अगंबाई! आई, तुम्ही त्या बाजूला वळवत होता होय? मला वाटलं, भिंत म्हणजे ही."

"बरोबरच वाटलं तुला. हीच भिंत आहे. माझी भिंत याने पाडली." त्यांनी मुलाकडे बोट केलं.

भाऊजी खुदकन हसले. मुलगा हसला नाही. "ठीक आहे, आई. या वेळचं कळलं. पण उद्या दुसरं काही झालं तर? बाबांच्या जिवाशी खेळ आहे. मावशी, तुम्ही तरी सांगा तिला. डबा येऊ दे. तीही आराम करेल."

मी काय सांगणार होते? तो आईच्या वाईटावर नव्हता, हे मला दिसत होतं. बाप दोन दिवस सलाईनवर पडलेला त्याने बघितला होता. मी म्हटलं, "बाबा रे, मला मधे घालू नकोस. मी फक्त मीठ मोजून देणारी."

"ते बरं आठवलंस," ताई म्हणाल्या. त्यांनी फळीवरून मिठाची बरणी काढली, एक छोटी वाटी घेतली. घरातल्या चौघांच्या दिवसभराच्या मिठाचे चपटे चमचे सुरीने पुसून त्यात मोजून टाकले, भाऊजींच्या वाट्याचा चमचा आणखी उतरवला. मग बरणीला झाकण लावून ती सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे त्यांचा स्वतःचा हात पोचत नाही तिथे, मुलाला ठेवायला लावली.

"रोज सकाळी तू किंवा सूनबाईने ही वाटी भरायची. दिवसभर जे काही शिजेल त्यात यातलंच मीठ पडेल. वाटी रिकामी म्हणजे मीठ संपलं. मग मी विसरले काय, ही विसरली काय, वाटीत नाही ते पातेल्यात कुठून येणार? हे तुझ्या डबेवाल्याला जमेल? तो पन्नास घरांचं एकाच पातेल्यात करतो. तुझ्या बापाला किती झेपतं, त्याला काय माहीत? त्याला माझ्यासारखं उष्टं ताट बघायला मिळतं?"

"आई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मला कळतं. आराम कर म्हणतोस, तो कशासाठी करू? टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांचे स्वयंपाक बघू? डबा आणायचा तर आण. तुझ्या ताटात वाढीन, प्रेमाने वाढीन. पण या घरातली शेगडी बंद होणार नाही आणि तिच्या पुढ्यात मी असेन. तुला हे मान्य नसेल तर शेगडी उचलून ने. मी खाली अंगणात तीन विटा मांडीन."

"ती मांडेल," भाऊजी म्हणाले. "मी ओळखतो तिला. आणि मी विटांपाशी जेवायला जाईन."

सूनबाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, वाटी चांगली आहे की. मी भरत जाईन ना निघताना." ती असं बोलली आणि त्याचा निम्मा जोर गेला. त्याने वरच्या फळीवरच्या बरणीकडे बघितलं. "तीन महिने," तो म्हणाला. "तीन महिन्यांनी बाबांचा रक्तदाब बघू. वाढला तर मात्र माझं ऐकायचं."

"बघू," ताई म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत.

मी निघाले तशा त्या मला सोडायला खाली फाटकापर्यंत आल्या. मला वाटलं, आता मुलाची फिरकी घेतील, आपण जिंकलो म्हणतील. त्यांनी शेजारणीचे वाळत घातलेले कपडे उगीच सारखे केले. मग माझा दंड धरला.

"कोठी, एक काम कर माझं. आठवड्यातून एकदा जेवायला ये."

"अहो, येईन की. त्यात काम कसलं?"

"ऐक आधी. हल्ली मला चव नीट लागत नाही. एखादा दिवस लागते, एखादा दिवस सगळंच पाणी. मीठ वाटीतून पडेल, ते चुकणार नाही. पण आंबट, तिखट, करपलेलं, नासायला लागलेलं, ते वाटीत कसं मोजू? यांना विचारून उपयोग नाही, हे सगळ्याला छान म्हणतात. सूनबाई माझं मन राखेल. तू राखू नकोस. वाईट झालं तर वाईट म्हण, तोंडावर. पण आधी मला, मुलाला नाही. तू सांगशील त्या दिवशी मी आपणहून शेगडीपासून उठेन. कुणी उठवलं तर मात्र उठणार नाही." त्यांनी दंड सोडला. "आणि येताना फोन करू नकोस. सांगून आलीस तर मी जपून करीन, मग तुला काय कळणार?"