शिळ्या पाण्यावरचं लिंबू

पाणी शिळं होतं, हे मला माहेरी शिकवलं होतं. नळ आला की आदल्या वेळचं पाणी मोरीत ओतायचं, हंडे-कळश्या चिंचेनं लख्ख घासायच्या आणि ताजं पाणी भरायचं. लग्न होऊन काळेवाडीत आले तरी माझा हा नेम चुकला नाही. इथे नळ एक दिवसाआड येतो. म्हणजे दर खेपेला मी दीड-दोन हंडे चांगलं पाणी गटारात सोडत होते, आणि वर आपण किती स्वच्छतेच्या म्हणून मिरवतही होते.

आमच्या घराच्या बाजूला, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, मातीची एक पट्टी आहे. चाकणजवळचं शेत कंपन्यांसाठी गेलं तेव्हा सासऱ्यांनी इथे लिंबू, कढीपत्ता आणि अळू लावला. जन्मभर शेती केलेल्या माणसाला हात लावायला तेवढीच माती उरली होती. खुरपं घेऊन दिवसभर तिथे बसायचे. माझ्याशी बोलणं कामापुरतं. चहा झाला का, नळ आला का, संपलं.

गेल्या एप्रिलमध्ये नळ आणखी आखडला. नवरा शिफ्ट करून यायचा आणि आंघोळीची बादली अर्धी बघून भडकायचा. एकदा जेवताना म्हणाला, "झाडांना पाणी बंद. पावसाळ्याआधी सगळीकडं फरशी टाकून घेऊ. गाडी तरी आत लागेल."

सासरे अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. त्यांच्या लिंबाला नुकतंच पहिलं फळ धरलं होतं.

मी मुळातच तापट. म्हटलं, "नळाला हात न लावता झाडं जगवून दाखवते. जगली तर झाडं काढायचं नाव घ्यायचं नाही." नवरा हसला. "बघू की," म्हणाला. त्याचं ते हसणं मला फार लागलं.

बोलून तर बसले, पण पाणी आणायचं कुठून? पुढच्या खेपेला नळ आला आणि मी सवयीनं शिळ्या पाण्याचा हंडा मोरीत ओतायला उचलला. हात तिथेच थांबला. इतकी वर्षं मी काय ओतत होते, ते तेव्हा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. हंडा कमरेवर घेतला आणि तशीच बाहेर गेले.

सासरे बघत होते. "बुडाशी वतू नगं," ते म्हणाले. "मुळ्या लांब गेल्यात. थांब, आळं मोठं करतो." त्यांनी खुरप्यानं खोडापासून हातभर लांब गोल आळं केलं, त्यात वाळका पाला पसरला आणि मग म्हणाले, "आता सोड. दमानं."

मग आमचं रोजचंच झालं. शिळं पाणी लिंबाला, डाळ-तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. मोरीच्या पाण्याला त्यांनी चर काढून दिला. "साबनाचं पानी अळूला चालतंय, लिंबाला न्हाई," हे त्यांनीच सांगितलं. मे महिन्यात एके सकाळी आळ्यात बारकी लिंबं गळून पडलेली दिसली आणि मला रडू आलं. सासरे म्हणाले, "थोडी गळत्यातच. झाड पेलंल तेवढीच ठेवतंय." आणि खरंच, उरलेली टिकली. वरण-भातावर पहिलं लिंबू पिळलं तेव्हा माझी छाती अशी फुगली होती, की नवऱ्याकडे बघायचंसुद्धा मी टाळलं. तो आपणहून म्हणाला, "हरलो बाई."

फाटकाजवळ मात्र पावसात चिखल व्हायचा, म्हणून गाडीपुरती फरशी टाकायचं ठरलं. फरशीवाल्यानं दोरी लावली आणि सासऱ्यांना विचारलं, "बाबा, उतार गटाराकडं काढू ना?"

ज्या माणसानं शेतावर असताना कधी आपल्या पिकाच्या पाण्याला दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता, त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"तिला इचार," ते म्हणाले. "पानी तिचं हाय."

मी लिंबाकडे उतार काढून घेतला.