पातळ न केलेला थेंब

आमच्या दादाला वहिनीने घालवला, असं भावकीत अजून बोललं जातं. दोन दिवस हळदीचे लेप लावत बसली, अलिबागच्या दवाखान्यात न्यायला उशीर केला, असं. हे खोटं आहे. उशीर माझ्यामुळे झाला. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो.

मी एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासायचो. शिक्षण प्राणिशास्त्राचं, त्यामुळे सीआरपी हे प्रोटीन माझ्या फार कौतुकाचं. जो भेटेल त्याला ऐकवायचो. ओडिशाच्या किनाऱ्यावर घोड्याच्या नालासारखा एक जीव असतो, लोक त्याला खेकडाच म्हणतात. त्याच्या रक्तात हे प्रोटीन आजार असो नसो, कायम भरपूर. माणसात एरवी नावापुरतं, पण जंतू शिरले की यकृत ते भराभर बनवतं. कुत्र्यात चढतं, छोट्या उंदरात फारसं हलत नाही. काम बहुतेक ठिकाणी तेच: जंतूच्या अंगाला चिकटायचं आणि जंतू खाणाऱ्या पेशींना बोलावून आणायचं. दादा म्हणायचा, "आला खेकडेवाला. विचार तुझ्या खेकड्याला, सुपारी सोलायला येतो का."

चौलच्या वाडीत पडलेली झावळ ओढताना तिच्या देठाची धस दादाच्या नडगीत घुसली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. पाय लाल, तट्ट फुगलेला. वहिनी पदर खोचून उभी होती.

"भाऊजी, मी रिक्षा सांगते. अलिबागला नेऊ या."

"थांबा वहिनी, आधी रक्त बघू द्या. उगाच धावाधाव कशाला?"

घरच्यांची तपासणी रजिस्टरात न घेता सगळ्यात शेवटी उरकायची, अशी आम्हा लॅबवाल्यांची सवय. म्हणजे दुसरं कोणी ती बघत नाही, कागदही निघत नाही. दुपारी लॅब बंद करता करता दादाच्या सीरमचा, म्हणजे रक्तावरच्या निवळीचा, एक थेंब काचेवर घेतला, त्यात लॅटेक्सच्या बारीक कणांचा थेंब मिसळला, काच हलवली. सीआरपी वाढलं असेल तर दह्यासारख्या गुठळ्या दिसतात. दुधासारखं एकसारखं राहिलं. मी फोन केला. "वहिनी, निगेटिव्ह. आत काही मोठं नाही. लेप चालू द्या."

पलीकडून दादाचा आवाज आला, "झालं समाधान? मी सांगत नव्हतो?"

दोन दिवसांनी तो असंबद्ध बोलायला लागला. अलिबागच्या डॉक्टरांनी रक्तात जंतू पसरल्याचं सांगितलं आणि विचारलं, "इतका उशीर का केलात?" दुसऱ्या दिवशी दादा गेला.

सुतक फिटायच्या आधीच मी लॅबमध्ये गेलो. फ्रिजमध्ये दादाच्या सीरमची बाटली तशीच होती. या वेळी सीरम सलाइनमध्ये पातळ केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काच हलवताच गुठळ्या आल्या. प्रोटीन बेसुमार वाढलं की ही तपासणी फसते. एका प्रोटीनने दोन कण धरले तर गुठळी होते. प्रोटीनच इतकं असेल तर प्रत्येक कण त्यानेच झाकला जातो आणि कण कणाला चिकटतच नाही. म्हणून आजारी माणसाचा नमुना निगेटिव्ह आला तर पातळ करून पुन्हा बघायचा. मी हे लॅबमधल्या नव्या पोरींना शिकवत होतो. दादाचं शरीर जिवाच्या आकांताने लढत होतं आणि मी त्याला ठणठणीत ठरवलं होतं. बाटली बेसिनमध्ये ओतली आणि घरी आलो.

तेराव्याला आमची बहीण पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोन दिवस घरात ठेवून मारला हिने माझ्या भावाला." वहिनी वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पानावर मान खाली घालून भात कालवला. त्यानंतर बहीण त्या घरात पाणी प्यायली नाही.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात वहिनीला सगळं सांगितलं. खेकड्यापासून सुरुवात केली, तसं तिने हात वर केला.

"खेकडा राहू द्या. चूक कोणाची ते बोला."

मी बोललो. सुपारी कातरता कातरता तिने अडकित्ता खाली ठेवला.

"मला वाटायचं, तुमचं मशीन बरोबर होतं आणि माझ्याच लेपाने विष पसरलं. रोज त्यांच्या फोटोपुढे हात जोडते मी, भाऊजी. माफी मागते. अजून."

"मी लिहून ठेवतो, वहिनी. सगळ्यांना कळेल."

"लिहिलेलं वाचतंय कोण? तुमच्या बहिणीला चष्मा लावूनही दिसत नाही. तिला तोंडाने सांगा." तिने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे ठेवला.

मी सांगितलं. बहीण शेवटी म्हणाली, "आता या वयात हे उकरून काय मिळालं तुला, भाऊ? वहिनी जवळ आहे का?"

"आहे."

तिकडून फोन बंद झाला. वहिनीने पुन्हा लावला. तिकडून उचलला नाही.

"उद्या परत लावू," वहिनी म्हणाली. "तुम्ही इथेच जेवायला या. आणि ती बोलेपर्यंत रोज या."

तेव्हापासून मी रोज जातो. बहीण अजून फोन उचलत नाही. वहिनी मला वाढते आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही.